घर आपलंच समजा

१

घर विकायला काढलं की आधी स्वतःच्या तोंडाला कुलूप लावायचं, हे मला माझ्या लेकीहून लहान असलेल्या एका पोरीनं शिकवलं. ती आमची एजंट. उंच टाचांचे बूट, हातात सतत फोन, आणि बोलणं सगळं 'हे करू नका, ते करू नका' अशा थाटाचं. ह्यांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'नियमावली' ठेवलं. हे जन्मभर शाळेत भूगोल शिकवत होते, त्यामुळे टोपणनावं ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

नियमावलीचं म्हणणं असं, की भिंतीवरचे घरच्यांचे फोटो काढून ठेवा, बघायला येणाऱ्याला तिथं स्वतःची माणसं दिसली पाहिजेत. ओल लपवू नका, पण बोट दाखवायलाही जाऊ नका. घर का विकताय विचारलं तर दुखणीखुपणी सांगत बसू नका. आणि मुख्य म्हणजे घर दाखवताना मालकानं घरात थांबू नये.

"काकू, सगळ्यात जास्त चुका मालकाच्या तोंडातून होतात," ती म्हणाली.

आता मी पडदे शिवणारी बाई. गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलल्याशिवाय माझी सुई पुढे सरकत नाही. तरी म्हटलं, बरं बाई, तू म्हणशील तसं. कारण घर विकलं जाणं भागच होतं. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ह्यांच्यापुरता जिना बंद झाला. आमचं घर दुमजली. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर झोपायची खोली, माझी शिवणाची खोली आणि अंघोळीची सोय. त्यामुळे हे सोफ्यावर झोपायचे आणि स्वयंपाकघरात दार लोटून ओल्या टॉवेलनं अंग पुसून घ्यायचे. कधी तक्रार केली नाही, पण पुसून झालं की बराच वेळ माझ्याकडे बघायचे नाहीत.

लेकीच्या समोरच्याच इमारतीत तळमजल्यावर एक जागा मिळत होती, मागे हातभर बाग. तिथले मालक आमच्यासाठी थांबले होते, पण किती दिवस थांबणार? इथलं घर गेल्याशिवाय तिथली जागा घेता येत नव्हती. ह्या माणसाला पुन्हा ताठ उभं राहून अंघोळ करता येणार की नाही, माझ्यापुरता सवाल एवढाच होता.

२

पहिली मंडळी आली त्या सकाळी नियमावलीला उशीर झाला, म्हणून दार मी उघडलं. नवराबायको होते. नवऱ्याच्या हातात मोजायची टेप, बायकोच्या हातात पेन. त्यांच्या मागून एक वयस्क बाई आत आल्या. राखाडी स्वेटर, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. पायपुसण्यावर पाय पुसत होत्या, आधी एक, मग दुसरा, अगदी निगुतीनं. मला बरं वाटलं. आजकाल इतकं कोण करतं. मी त्यांच्या पायांकडेच बघत राहिले, चेहऱ्याकडे बघायचं राहून गेलं.

"या ना, या," मी म्हटलं. "संकोच करू नका. घर आपलंच समजा."

टेपवाले तडक स्वयंपाकघरात शिरले आणि ओट्याची लांबी मोजायला लागले. त्या बाई कठड्याला हात धरून जिना चढल्या. एवढ्यात नियमावली धापा टाकत आली आणि आम्हा दोघांना जवळजवळ हाकलूनच तिनं गल्लीच्या टोकाच्या बाकावर बसवलं.

मंडळी गेल्यावर तिनं माझी शाळा घेतली. "काकू, 'घर आपलंच समजा' असं कधी म्हणायचं नाही. घर आपलं आहे असं त्यांना वाटलं पाहिजे, पण ते आपण बोलून दाखवायचं नाही."

"अगं, बोलायची पद्धत असते ती."

"तुमची पद्धत असते. समोरचा खरं धरून बसला म्हणजे?"

संध्याकाळी तिचा फोन आला. टेपवाल्यांना स्वयंपाकघर वीतभर कमी पडत होतं. "पण घरातलं वातावरण आवडलं म्हणाले. तुमच्या सासूबाई फार शांत आहेत म्हणे, वर खिडकीपाशी बसून होत्या. काकू, मी बजावलं होतं ना, घरात कुणी नको म्हणून?"

"माझ्या सासूबाई जाऊन जमाना झाला," मी म्हटलं. "त्या त्या लोकांबरोबर आलेल्या. मुलीची नाहीतर मुलाची आई असेल."

"त्यांच्याबरोबर कुणी नव्हतं, काकू. ते दोघंच होते."

मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी वर्तमानपत्रही खाली केलं नाही. "शेजारपाजारची कुणीतरी असेल. लोकांना दुसऱ्याचं घर आतून बघायची हौस असते. दार उघडं दिसलं, शिरली. फुकटची करमणूक."

"आणि गेली कधी?"

"आपण बाकावर बसून शेंगदाणे खात होतो तेव्हा. तू कुठे दाराकडे बघत होतीस? तू गल्लीतल्या कुत्र्याशी बोलत होतीस."

ते खरं होतं. मी विषय सोडून दिला. वर जाऊन पाहिलं तर शिवणाच्या खोलीतलं माझं लांब बाकडं खिडकीकडे तोंड करून ठेवलेलं होतं. टेपवाल्यांनी मोजताना हलवलं असेल, असं म्हणून मी ते परत मशीनपाशी ओढलं.

३

त्यानंतरच्या दिवसांत मी दुपारी स्वयंपाकघरात असले की वर कुणीतरी चालायचं. धावपळ नाही, पाय आपटणं नाही. खोलीत आवराआवर करताना माणूस चालतो तसं. दोन पावलं टाकायची, थांबायचं, मग काहीतरी ठेवल्याचा आवाज. घरात माणसं दोन. त्यातलं एक जिना चढू शकत नाही आणि दुसरं खाली भाजी निवडतंय.

"लाकूड वाजतं," हे म्हणाले. "उन्हानं प्रसरण पावतं."

"आणि कपाटाचं दार? तेही प्रसरण पावतं?"

"तू त्या शिवणाच्या खोलीत इतकी वर्षं काढलीस, तुझ्या कानात आवाज भरून राहिलेत."

हे भूगोलाचे मास्तर, त्यामुळे सगळ्याला कारण असतंच. मीही काही भित्री नाही. उलट पहिल्यांदा मला रागच आला. माझ्या खोलीत माझ्या परवानगीशिवाय कोण आवरतंय? मी तरातरा वर जायची आणि खोली रिकामी असायची. पण टाचण्या शिवणाच्या छोट्या उशीवर एका रांगेत टोचलेल्या असायच्या. मी टाचण्या नेहमी डबीत ओतते, रांगेत टोचायला मला वेळ कुठला.

दुसऱ्या खेपेला एक बेकरीवाले घर बघायला आले. एकटेच. ह्या वेळी आम्ही आधीच बाकावर जाऊन बसलो. ऊन छान पडलं होतं, ह्यांनी पाय लांब करून ठेवले होते, आणि मला वाटलं, होईल सगळं, उगाच जीव टांगणीला लावतेय. बेकरीवाले बाहेर आले ते हसतच आले आणि सरळ आमच्याकडे वळले.

"तुमच्या आईंनी घर फार छान दाखवलं," ते ह्यांना म्हणाले. "जिन्याच्या वरच्या टोकाची पायरी डावीकडून चढली तर कुरकुरते, उजवीकडून चढा म्हणाल्या. थंडीत शिवणाच्या टेबलावर दुपार कलेपर्यंत ऊन असतं म्हणाल्या. इतकं प्रामाणिकपणे कोण सांगतं हल्ली."

ह्यांनी पाय आवरून घेतले. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. पायरीचं खरं होतं आणि उन्हाचंही. पण त्या पायरीबद्दल मी आजवर कुणाकडे चकार शब्द काढलेला नव्हता. ते आमच्या पायांनाच ठाऊक होतं.

नियमावली म्हणाली, ती दाराबाहेर फोनवर बोलत होती, तिनं कुणाला पाहिलं नाही. "पण काकू, तुम्ही मला खरं सांगायला पाहिजे. घरात माणूस ठेवून घर दाखवायचं म्हणजे हद्द झाली."

त्याच दिवशी कुलूप बदलून घेतलं. मी वरच्या दोन्ही खोल्या, अंघोळीची जागा, कपाटं, पलंगाखाली, सगळीकडे पाहिलं. हे काठी घेऊन जिन्याच्या पायथ्याशी उभे.

"सापडल्या का?" ते खालून विचारत होते.

"नाहीत."

"मग ये खाली."

त्यांनी 'सापडल्या' असं म्हटलं होतं. इतके दिवस ते 'कुणीतरी शिरली' म्हणत होते, आता एकदम अहोजाहो. माझ्या ते ध्यानात आलं.

४

आता खरं सांगते, हसायचं तर हसा. त्या आठवड्यात आमचं घर जितकं प्रसन्न होतं तितकं कधी नव्हतं. वर धूळ नाही. पडदे झटकलेले. मी अर्धवट टाकलेलं काम दुसऱ्या दिवशी टाचण्या लावून तयार असायचं, दुमड अशी सरळ की मोजपट्टी लावून बघावी. एका हॉटेलाचे जड पडदे माझ्याकडे पडून होते, त्यांच्या वजनानंच माझी पाठ धरायची. ते हातासरशी झाले. मी वर काम करायला बसले की बाकड्याचं दुसरं टोक किंचित दबल्यासारखं वाटायचं आणि मला सोबत वाटायची. मी शिवताना बडबडायला लागले. आज भाजी महाग मिळाली, लेकीचा फोन आला नाही, ह्यांनी औषध घ्यायला त्रास दिला, असलं काहीबाही.

भीती वाटत नव्हती का? वाटायची. पण मी वर असताना नाही. जिना उतरताना वाटायची. खाली येईपर्यंत मागे वळून बघू नये असं पाठीलाच कळायचं. आणि एकदा खाली आले, ह्यांचा चेहरा पाहिला, की मी माझ्यावरच हसायची. अंगाला कुठे काही झालं नव्हतं, काम वेळेवर होत होतं, आणखी काय पाहिजे माणसाला.

ह्यांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. फक्त चहा करताना ते म्हणायचे, "थोडा जास्तच टाक." आणि मी टाकायची. तो जास्तीचा चहा कोण पितं हे आम्ही दोघंही बघायला जात नव्हतो. कप धुऊन पालथा घातलेला सापडायचा.

५

मग दातांची डॉक्टर आली. तिच्याबरोबर तिचा नवरा, मितभाषी माणूस. दोघांनाही घर बघताक्षणी आवडलं, हे त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं. आवडलेल्या घरात माणूस हळू चालतो. आम्ही बाकावर होतो, पण तिनंच आम्हाला आत बोलावलं.

"काकू, तुमच्या सासूबाई म्हणाल्या, शिवणाच्या खोलीतल्या कपाटामागे आणखी एक खिडकी आहे. बुजवलेली. ती उघडून घेतली तर खोलीत दोन बाजूंनी उजेड येईल म्हणाल्या. बघायची का?"

"तिथं खिडकी नाही," मी म्हटलं. "मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून तिथं भिंत आहे."

तिच्या नवऱ्यानं कपाट सरकवलं. भिंत होती, पण तिच्यावर रंगाखाली चौकोनाची रेघ उमटलेली होती. त्यानं बोटानं ठोकून पाहिलं. आवाज पोकळ. खालच्या कडेला चौकटीचं लाकूड जेमतेम दिसत होतं. जिन्याची पायरी मला माहीत होती, थंडीतलं ऊन मला माहीत होतं. त्या बाई माझ्याकडूनच शिकल्या अशी मी स्वतःची समजूत घालत आले होते. पण ही खिडकी माझ्या बापजन्मात मला माहीत नव्हती. म्हणजे आता त्या घराला माझ्याहून जास्त ओळखत होत्या.

"वा," डॉक्टर म्हणाली. "बघा, आजी म्हणाल्या तस्संच."

मी हसले. दुसरं काय करणार.

दोन दिवसांनी नियमावली घरी आली आणि बूट न काढताच सोफ्यावर बसली. डॉक्टरनं नकार कळवला होता. कारण विचारलं तर म्हणाली, घर सोन्यासारखं आहे, पण निघताना आजींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, 'पोरं घाई करतायत, मी एकटी कुठे जाऊ?' त्या आजींना दुखवून घर घेणं आम्हाला पटत नाही.

"काकू, काका, मला घरगुती भानगडीत पडायचं नाही," नियमावली म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ होता. "पण म्हाताऱ्या माणसाला विश्वासात घेतल्याशिवाय घर विकायला काढू नये हो. सगळे हीच चूक करतात."

आम्ही दोघं खाली माना घालून बसलो, खरंच कुणा म्हातारीला घराबाहेर काढत असल्यासारखे.

त्याच दुपारी लेकीचा फोन. तळमजल्याच्या जागेला दुसरं गिऱ्हाईक लागलं होतं. मालक म्हणत होते, परवापर्यंत काय ते सांगा. "आई, काहीतरी कर ना," ती म्हणाली. "बाबांसाठी तरी."

मी फोन ठेवला आणि पाहिलं तर हे सोफ्यावर नव्हते. जिन्यावर होते. काठी खाली पडलेली. निम्मा जिना कसाबसा चढून ते बसले होते आणि आता त्यांना वरही जाता येत नव्हतं आणि खालीही.

"म्हटलं, आपणच बोलून बघावं त्यांच्याशी," ते म्हणाले. "शेवटी माझ्याच आई म्हणवतात ना." हसायला गेले आणि त्यांचे डोळे भरून आले. "अगं, मला अंघोळ करायची आहे. बाकी काही नको मला."

त्यांना खाली आणताना माझ्या नाकी नऊ आले. इतकी वर्षं ज्या खांद्यावर मी डोकं ठेवलं तो खांदा माझ्या हातात थरथरत होता. तेव्हा माझी सगळी भीती गेली आणि नुसता संताप उरला. मी त्यांना सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि वर गेले.

६

शिवणाच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. खिडकीतून ऊन येत होतं, अगदी साधं, रोजचं. मी आत पाऊल टाकलं नाही. उंबऱ्यातच थांबले.

बाकड्यावर त्या बसल्या होत्या. माझ्याकडे पाठ. राखाडी स्वेटर, पांढरा अंबाडा, गळ्यात माझी मोजपट्टी. मशीन थांबलेलं होतं, पण एक हात चाकावर होता आणि दुसऱ्या हातानं त्या कापडाची दुमड चाचपत होत्या. अंगठ्याच्या नखानं दाबून, पुढे सरकवून, पुन्हा दाबून. कुशल हात होता तो. मी नजर तिथंच ठेवली, वर नेली नाही.

भांडायचं म्हणून वर गेले होते, पण काय हाक मारावी तेच सुचेना. तोंडातून निघालं ते, "आई."

दुमड चाचपणारा हात थांबला.

"आई, मी तुम्हाला आत या म्हटलं, ते मला नाही म्हणता येणार नाही. घर आपलंच समजा म्हटलं, तेही मीच म्हटलं. मी काही शब्द मागे घ्यायला आलेली नाही. तुम्ही राहा. पण ह्यांना जाऊ द्या. खाली बसलेत ते. जिन्यावर रडत होते. त्यांना दोन पायऱ्या चढवत नाहीत. ती डॉक्टर चांगली आहे, तिला नाही म्हणू नका. तिला सांगा, माझी काही हरकत नाही म्हणून."

काही हललं नाही. ऊन होतं तिथं होतं. मला रडू फुटायला लागलं आणि माणूस अशा वेळी बोलतो तसं मी बोलून गेले. "तुम्हाला एकटं वाटत असेल तर हवं तर मी राहते. मी राहते इथं, पण ह्यांना जाऊ द्या."

तेव्हा त्या हलल्या. मागे वळल्या नाहीत. बाकड्यावर थोड्याशा डावीकडे सरकल्या, स्वेटर आवरून घेतला आणि उजवीकडे एका माणसापुरती जागा केली.

मी दार ओढून घेतलं आणि खाली आले. ह्यांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"हो म्हणाल्या," मी सांगितलं.

७

त्यानंतर सगळं लोण्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर पुन्हा येऊन वर जाऊन आली आणि तिनं होकार दिला. आजी वरच्या खोलीत राहणार, त्याला आपली काही हरकत नाही, उलट दिवसभर दवाखान्यात असताना घरात मोठं माणूस असलेलं बरंच, असं तिचं म्हणणं. नियमावलीनं कपाळाला हात लावला. "असलं मी कुठे पाहिलं नाही. हे कागदावर नको हं, तोंडीच राहू दे," म्हणाली, आणि लगबगीनं बाकीचे कागद पुढे केले.

मशीन नव्या जागेत मावणार नव्हतं, तेही तिथंच राहिलं. पायाचं जुनं मशीन, ते उचलायचं म्हणजे चार माणसं लागली असती. निघायच्या सकाळी सामान गाडीत चढलं, हे काठी टेकत आपल्या पायांनी दारातून बाहेर पडले आणि मला वाटलं, सुटलो. मी वर बघितलं नाही. नियमावलीनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही एकूण एक चुका केल्यात, तरी घर गेलं. नशीब तुमचं."

८

नवी जागा लहान आहे, पण अंघोळीची सोय दोन पावलांवर. पहिल्या दिवशी हे आत गेले ते इतका वेळ बाहेर येईनात की मी दार वाजवलं. आतून गाण्याचा आवाज आला. मी तशीच दाराबाहेर उभी राहून ऐकत राहिले. माझं लग्न झालं तेव्हाही मी इतकी सुखात नव्हते.

सकाळी हे मागच्या बागेत झाडांना पाणी घालतात. लेक रस्ता ओलांडून येते, डबा ठेवते, बापाशी वाद घालते, जाते. मी खुर्चीत बसून असते. दिवस कसा जातो कळत नाही. परवा लेकीनं तिची पँट आणून दिली, खालून दोन बोटं आत घ्यायची होती. मी सुई घेतली. दोरा ओवता येईना. डोळे शाबूत आहेत माझे, चष्मा नवा आहे. पण दोरा कुठल्या हातात धरायचा आणि सुई कुठल्या, तेच हातांना आठवेना. मी हसून म्हटलं, वय झालं गं, शिंप्याकडे दे. ती म्हणाली, आई, तू थट्टा करतेस.

आज सकाळी डॉक्टरचा फोन आला. आवाज आनंदानं नुसता ओसंडत होता.

"काकू, ती बुजवलेली खिडकी उघडून घेतली. काय उजेड आलाय म्हणून सांगू. आणि तिचे पडदे, अहो, किती सुरेख शिवलेत तुम्ही दोघींनी."

"दोघींनी?" मी म्हटलं.

"तुम्ही आणि सासूबाईंनी. दिवसभर वर बसून असता दोघी, मी आमच्या ह्यांना म्हणते, दोघींना चहा तरी नेऊन द्या. काकू, रोज इतक्या लांबून येता, थकत असाल ना?"

मी म्हटलं, "आत्ताही आहोत का?"

"आहात म्हणजे काय, मशीन चालू आहे ना. ऐका." तिनं फोन वर धरला असावा. मशीनचा आवाज आला. माझा उजवा पाय डाव्याच्या आधी पडतो, म्हणून माझं मशीन थोडं लंगडत चालतं. गिऱ्हाइकं त्यावरून मला चिडवायची. ते तसंच लंगडत चाललं होतं.

मग डॉक्टर एकदम थांबली. "पण अगं बाई, तुम्ही जर वर आहात, तर मी फोन कुणाला..." आणि ती स्वतःशीच हसली. "दवाखान्यातल्या धावपळीत माझं डोकं फिरलंय. थांबा हं, वर नेऊन देते फोन."

तिच्या पायांचा आवाज आला, दार उघडल्याचा आला. मशीन थांबलं. कुणीतरी फोन घेतला. फोनवर बोलायच्या आधी मला घसा खाकरायची सवय आहे. पलीकडून कुणीतरी घसा खाकरला.

मी फोन ठेवून दिला.

बागेत हे पाण्याची झारी घेऊन उभे होते. ताठ, काठीशिवाय. न्हाऊन आलेले, केस ओले. त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला. मीही हलवला. त्यांना मी दिसले असणार, कारण ते हसले.